वर्षभराचे कित्ते

"हॅलो?… हो, बुऱ्हाणपूर. कन्याशाळा… हां जी, मैं ही बोल रही हूँ। नागपुर? हां, दीजिए… लाइन पर हूँ।"

नागपूरची लाइन जुळेपर्यंत मालतीबाईंनी पट्टी पुन्हा कागदावर ठेवली. शिरोरेषा आणि तिच्याखालची तळरेषा यांच्यातलं अंतर डाव्या कडेला वीस मिलिमीटर होतं, उजव्या कडेला एकवीस. मधे कुठंतरी तो एक मिलिमीटर हळूहळू वाढत गेला होता. डोळ्याला कळत नव्हतं. बोरू धरणाऱ्या हाताला कळलं असतं.

"हॅलो… कोण, कुसुम?… अगं बोल, येतंय ऐकू. लांबून येतंय, पण येतंय… मी बरी आहे. तू?… आणि दिगंबरराव? खोकला गेला का त्यांचा?… पण तुला कसं कळलं मी शाळेत असेन? सुट्टी लागलीये… दुसरीकडे कुठं असणार. ते खरं… नाही, एकटी नाही. दगाभाऊ आहेत. शिपाई गं, तुझी वळकटी स्टेशनवर नेली होती ते… कित्ते काढतेय… अगं कित्ते. बोरूने गिरवायचे. सायक्लोस्टाइलवर…"

मालतीबाई शाळेत विज्ञान शिकवत. कित्ते हे त्यांचं शाळेबाहेरचं काम होतं, आणि धाकट्या बहिणीला ते त्या तिसऱ्यांदा समजावत होत्या.

"शाळेसाठी नाही. बहादरपूरच्या बायकांसाठी. रविवारी जाते ना मी… सहाजणी. रंभाबाईंच्या ओट्यावर बसतो. केळीच्या बागेतनं येतात, हातपाय धुतात, मग बसतात. हात इतके जड पडतात त्यांचे, दुसऱ्या ओळीला कागद फाटतो. म्हणून अक्षर मोठं घेतलंय. बोरूचं टोक चार मिलिमीटर, अक्षर त्याच्या पाचपट… हो, वीस. तू ऐकतेयस?… नाही, कळतंय मला, तू यासाठी फोन नाही केलास."

ती काय विचारणार ते माहीत असल्यासारखं त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

"आला. कधीचाच आला… मार्चमध्ये. इथंच आहे, टेबलाच्या खणात… नाही… नाही केली सही. परवापर्यंत खंडव्याला पोचला पाहिजे… माहीत आहे, कुसुम. नाही पाठवला तर इथंच कायम. लिहिलंय त्यावर."

नवं राज्य होऊन सात महिने झाले होते. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि कुठल्या राज्यात नोकरी करायची ते शिक्षकांनी लिहून द्यायचं होतं. बाकी सगळं टाइप केलेलंच होतं. एक रकाना भरायचा आणि खाली सही करायची. मालतीबाईंच्या खणात तो कागद दोन महिने पडून होता.

"एक मिनिट हं… दगाभाऊ, ती निळी स्टेन्सिल खिडकीशी नका ठेवू. मेण पातळ होतं. माठाजवळ ठेवा… माठावर नाही. माठाजवळ… हं, कुसुम. अगं, उन्हानं स्टेन्सिल ताणली जाते. काल एकशे अकरा डिग्री होतं. रेघ सलग ओढली तर फाटतेच, म्हणून मी ठिपक्या-ठिपक्यांची… नाही, टाळत नाहीये… बरं, टाळतेय."

पलीकडे बराच वेळ कुसुम बोलत राहिली. मालतीबाई वायरचा पीळ बोटानं सोडवत ऐकत होत्या.

"खोली? कुठली, मागची?… तिथं तर तुझ्या सासूबाईंचं सामान… कधी काढलंस?… चुनाही दिला? अगं, मी येते म्हटलं होतं का?… नाही, रागावत नाहीये. पश्चिमेची खिडकी आहे ना तिला?… ती बरी. नाही, नुसतं विचारलं."

"शोभा?… गेली ना. अमरावतीला. एप्रिलमध्येच… हो, तीच, माझ्याबरोबर डबा खायची… मग काय, आता मी माझ्या टेबलावर खाते. नाही गं, नव्या बाई चांगल्या आहेत. जबलपूरच्या. त्या मला बहनजी म्हणतात, मी त्यांना बहनजी म्हणते, मग दोघी वह्या तपासतो… संध्याकाळी? स्वयंपाक. सकाळचंच असतं, गरम करते… कोणाशी बोलते म्हणजे?… काल?"

त्या खरोखर आठवू लागल्या. कुसुमला उत्तर द्यायचं तर ते बरोबर द्यायला हवं.

"काल दूधवाल्याला म्हटलं, उद्यापासून अर्धा शेर पुरे. आणि दगाभाऊंशी, शाईबद्दल… नाही, परवाचं नाही आठवत… अगं, असं नको करूस. सवय होते माणसाला."

"हां जी?… हां, बात चल रही है। काटिए मत… कुसुम, सांग त्या ऑपरेटरला, अजून तीन मिनिटं… दिली? बरं."

"हे बघ, तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे. पण रंभाबाईला आत्ता कुठं स्वतःचं नाव यायला लागलंय. गोदाबाई अजून ग पाशीच आहे. परवा मला म्हणते कशी, 'बाई, मनं नाव लांब शे, मी निस्ता ग लिखसु.' … हसू नको. मीही हसले, पण तिच्यासमोर नाही… मग त्यांचं कोण बघणार? इथून कोण जाणार रविवारी? बसमधनं उतरून पाऊण मैल, तेही या उन्हात… हो, म्हणूनच तर काढतेय कित्ते."

"किती म्हणजे?… तीनशे बारा. सहाजणी, आठवड्याला एक… हो, बावन्न आठवडे. तेरा अक्षरं, एकेक अक्षर चार रविवार… तेरा स्टेन्सिली. बारा दिवस कापतेय… नाही, एरवी असं नाही करत. एरवी शनिवारी सहा काढते, रविवारी नेते… आत्ता? आत्ता सुट्टी आहे. मशीन रिकामं आहे, म्हणून."

मशीन गेल्या वर्षीच्या सुट्टीतही रिकामंच होतं. हे कुसुमला माहीत नव्हतं.

"पहिली ओळ?… आहे ना. छापलीये."

पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला.

"हो, तुझ्या वहीत मीच लिहून द्यायचे. तुला छापील कित्ता चालायचा नाही, ताईच्या हातचीच ओळ पाहिजे. रडायचीस… रडायचीस, मला आठवतंय… नाही, यांच्याही कित्त्यावर मी पहिली ओळ कोरीच ठेवते. म्हणजे ठेवायचे. तिथं ओट्यावर बसायचं आणि एकेकीच्या कागदावर आपण लिहायची. तिनं माझा हात बघायचा, मग खालच्या ओळी तिच्या. हात कुठं वळतो ते छापलेल्यात दिसत नाही ना… या वेळी स्टेन्सिलमध्येच कापली… अक्षरं आणि बाण. कुठून सुरू करायचं, कुठं उचलायचं. आकडेही घातलेत, एक, दोन, तीन… का म्हणजे?"

त्यांनी समोरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या कागदावर म होता. त्याच्या प्रत्येक वळणापाशी बारीक बाण होता आणि बाणाशी आकडा. बारा दिवस त्यांनी हे काम अगदी काळजीनं केलं होतं, आणि ते कशासाठी, हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. शेजारी बाई बसलेली असली की कागदावर बाणाची गरज नसते.

"आहे, आहे. लाइन आहे. हे कागद बघत होते."

"कुसुम, मी रंभाबाईच्या सुनेला बोरू कापायला शिकवलं. मालूबाई तिचं नाव. चौथीपर्यंत शिकलीये, हात चांगला आहे… मागच्या रविवारी. टोक किती तिरपं घ्यायचं, दगडावर कसं घासायचं. चार कापून दिले, दोन तिच्याकडून कापून घेतले… हो. शाई कालवायलाही… हो, तेही त्याच दिवशी. तिला म्हटलं, माझ्या हाताला कळ येते, म्हणून… नाही, नाही येत कळ."

दगाभाऊ दारात येऊन उभे राहिले. मालतीबाईंनी त्यांना हातानं थांबायला सांगितलं.

"तुला जे वाटतंय तेच. मलाही आत्ताच दिसतंय… नाही, त्यांना नाही सांगितलं. सांगायचं राहिलंय. रविवारी सांगेन. गोदाबाई बोलणार नाही माझ्याशी… नाही गं, तीनशे बारा कागद म्हणजे बाई नव्हे, ते मला कळतं. मालूबाई करेल. माझ्यासारखं नाही करणार, तिच्यासारखं करेल."

"हां जी… हां, बस एक मिनट… ऐक, ती कापेल आता. दिगंबररावांना विचारलंयस ना नीट? समोर हो म्हणतील ते… तसं नाही. बरं. बरं… आज. आत्ता भरते. दगाभाऊ चारच्या गाडीनं खंडव्याला जातील, मी विचारते त्यांना… नाही, तू बोलावलंस म्हणून नाही. खोलीसाठीही नाही. तुझ्या चुन्याला नावं ठेवत नाहीये… ऐक तर. दोन महिने मी म्हणत होते, बायकांचं काय होईल, बायकांचं काय होईल. ते खरंच होतं. पण त्याच्याआड दुसरंही होतं, ते मी कोणाला… कोणाला सांगणार होते, दूधवाल्याला?… नाही, रडत नाहीये. आवाज लांबून येतोय, म्हणून तसा वाटतोय."

त्यांनी खण ओढला. रिसीव्हर कानाशी तसाच धरून तो कागद बाहेर काढला.

"कुसुम, मला आता एकटीनं राहवत नाही. मी नागपूर लिहितेय. मी येतेय."