नावं ठेवायची रीत

मी माणचा. दहिवडीच्या पल्याड आमचं गाव, कुसळाचं रान, जवारी पिकली तर पिकली, न्हाईतर मेंढरं हायतच. बाप मेंढरामागं, आज्जा मेंढरामागं, तवा मी बी. शाळा म्हनाल तर दुसरीपत्तोर, ती बी धड न्हाई. सही येती, वाचता येत न्हाई, पर त्यावाचून माझं कवा आडलं न्हाई आसं मी सगळ्यास्नी सांगत आलोय. दसरा झाला की आमी मेंढरं घिऊन खाली किस्नाकाठाला जायचो, पलूसच्या बाजूला, तिथल्या बागायतदाराच्या रानात रातीला मेंढरं बसवायची, त्याच्या रानाला खत, आमाला धान्य. आता माझं गुडघं गेलं, तवा ल्योक आन सून जातात, आन मी हितं नातीला घिऊन ऱ्हातो. नात म्हंजे सारिका. नववीला हाय.

तर आमच्यात एक रीत हाय, ती आधी सांगतो, म्हंजे म्होरलं तुमाला कळंल. कळपात एखादं कोकरू झ्याक निघालं, आन वाटंवर कुणी इचारलं, कुणाचं वं हे, लय देखणं हाय, तर आमी म्हननार, कशाचं देखणं, मरतुकडं हाय, दूध बी वढत न्हाई. चांगल्याला चांगलं म्हनायचं न्हाई, दृष्ट लागती. जेवढं चांगलं तेवढी नावं जास्ती ठेवायची. लेकरांचं बी तसंच. माझ्या बापानं मला जलमभर बिनकामाचा म्हनलं, आन मला कवा वाईट वाटलं न्हाई. वाटलं आसंल तर आता ध्यानात न्हाई.

शाळंत एक नवी बाई आली, सांगली शहरातली. लय तळमळीची. शनवारी शाळा सुटल्यावर नववीची पोरं थांबवून घ्यायची, परीक्षेला बसायचं कसं, आब्यास कसा करायचा, धावीनंतर कुठं कुठं जाता येतं, आयटीआय काय, नर्सिंग काय, सगळं समजावून सांगायची. त्यातली थोडी पोरं ती सायन्ससाठी वायली काढनार व्हती, त्यास्नी गणित आन इज्ञान जादा शिकवनार. सारिकाचं मन त्यातच. तिच्या आईला मिरजंला दवाखान्यात ठिवलं व्हतं तवा हिनं तिथं एक पोरगी बघिटली, काचंत रगात घालून वरनं डोळा लावून बघनारी. तवापास्नं हिचं एकच, मला तसलं शिकायचंय. बाईनं सांगितलं, मग अकरावीला सायन्स लागेल. तर ही रातीला गणितं मांडत बसायची आन मी म्हनायचो, ईज जाळू नगं.

मंग बाईनं पालक बोलावले. एकेकाला उठवून इचारायची, तुमचं मूल कशात हुशार आहे, त्यानं पुढं काय व्हावं असं वाटतं. कुणी म्हनलं इंजनेर, कुणी म्हनलं फौजदार, एकानं तर सांगितलं कलेक्टर, त्याचं पोरगं लाजून बाकाखाली जायचं ऱ्हायलं. मला मनात हसू आलं, म्हनलं कशी उघड्यावर मांडत्यात आपली लेकरं. माझी पाळी आली. मी पटका सारका केला आन म्हनलं, आमचीला काय येतंय बाई, डोकं म्हंजे नुसता धोंडा हाय, शेरडामागं लावली तर बरी.

काय सांगू तुमाला, मला वाटलं मी झ्याक बोललो. बाईचं तोंड उतरलं. म्हनली, आजोबा, तुम्हीच असं म्हणताय तर मी तिच्यावर ओझं टाकत नाही. मी मान हालवली. सारिका दाराजवळ हुबी व्हती.

घरी आली, भाकरी केल्या, वाढलं. म्होरल्या शनवारी दप्तर टाकून शेरडं सोडून रानात गेली. त्याच्या म्होरल्या शनवारी बी तेच. मी म्हनलं, आगं शाळंत जा की. तर म्हनली, तुमीच सांगितलं न्हवं, डोकं न्हाई म्हनून. म्हनलं, खुळे, ते लोकांम्होरं म्हनायचं आसतं. ती शेरडाच्या दाव्याची गाठ सोडवत व्हती, वर बघिटलं न्हाई, म्हनली, मग घरात तरी कवा येगळं म्हनला वं आबा?

म्या इचार केला. न्हवतो म्हनलो. एकदा बी न्हाई.

ल्योकाला फोन लावला, मागं मेंढरं वरडत व्हती. त्याला सगळं सांगितलं, तर त्यो हसला. म्हनला, आबा, मला बी तुमी धोंडाच म्हनायचा, मला ते खरंच वाटायचं, म्हनून तर आठवीतनं सोडली शाळा. रागानं न्हाई म्हनला, सरळ म्हनला, वर म्हनला, जेवला का. मी फोन ठिवला. त्या दिवशी मला घास गेला न्हाई.

तरी बी मी शाळंत गेलो न्हाई लवकर. मी माझा शबुद कवा मागं घेतला न्हाई, गावाला ठावं हाय. शेवटाला काठी घेतली आन निघालो. पारावर एकजण म्हनला, आबा, नववीत नाव घातलं का काय. म्हनलं, तुझ्यासंगं बसतो, चल.

वर्गात पोरं व्हती. मी दारातनंच बोललो, बाई, माझी नात हुशार हाय. अवशदाच्या बाटलीवरलं वाचून, ते का द्यायचं हे बी मला समजावून सांगती. मी खोटं बोललो व्हतो. पोरं हसाय लागली. बाईला रीत सांगितली तवा ती म्हनली, चूक माझीही आहे, मी सगळ्या पालकांना विचारलं आणि तिला विचारायचंच राहिलं. पण आजोबा, हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. सारिका वर्गात कुठं व्हती, ती रानात.

बाई सोता घरी आली, तिला घिऊन गेली. आता जाती शनवारी. पर बाई सांगती, मागं बसती, हात वर करत न्हाई, फळ्यावर बोलावलं की म्हनती मला जमायचं न्हाई. आन मी रोज ठरवतो, आज सांगायचं. ती म्होरं येऊन बसती आन माझ्या तोंडातनं निघतं, चहात साखर कमी हाय. लाज वाटती वं. एवढ्या वयात दोन शबुद जड झाले.

म्हनून तुमा पेपरवाल्याला बसवून घेतलंय. लिवलं न्हवं सगळं? मंग आता हे लिवा, मोठ्या अक्षरात लिवा, सारिका, तू हुशार हायस, तुझ्या आज्जाला पयल्यापास्नं ठावं हाय. छापून आलं की कागुद घरी धाडा. मला वाचता येत न्हाई, म्हंजे तिलाच मोठ्यानं वाचून दावायला लागंल. मी हितंच बसून आसंन. दृष्ट लागायची ती मला लागू दे.