मॅडमनी निवडलेल्या बारक्या गाई

मंडळी, जय भीम, सलाम, रामराम. मला माइक धरायची सवय न्हाई. चुकलं तर सांभाळून घ्या. मी संगीता. आपल्या दूध संस्थेच्या गोठ्यात वैरण टाकते. आपल्या जनावरांच्या डॉक्टर, नसरीन मॅडम, मागच्या आठवड्यात काविळीनं गेल्या. त्यांच्यासाठी आपण इथं जमलोय.

माझ्याआधी सगळे लई चांगलं बोलले. देवमाणूस म्हणाले. चेअरमन साहेबांनी तर डोळे पुसले. मी पुसणार न्हाई. मला रडू येत न्हाई, माझा जीव जळायलाय.

मॅडम दिंद्रुडच्या. वडलांचं गॅरेज. गोठ्यात आल्या की गाईच्या आधी गव्हाण बघायच्या. "संगीता, कुणी किती खाल्लं? कुणी किती ठेवलं?" मला हसू यायचं. मग त्यांनी काटा आणला. टाकलेली वैरण मोजायची. गाईनं न खाता सोडलेली चगळ मोजायची. दूध मोजायचं. एकेका गाईचं, येगळं येगळं. अन् मग नुसतं बसून बघायचं. कोण ढुसणी देती, कोण दुसरीच्या गव्हाणीत तोंड घालती, कोण निवांत बसून रवंथ करती.

असं लई दिवस बघितलं, अन् एकदा म्हणाल्या, "ही राणी बघ. दूध सगळ्यात जास्त, पण खाते किती! शिवाय शेजारणीला खाऊ देत नाही. आता ही चिमणी बघ. अंगानं बारकी. दूध थोडंच कमी, पण वैरण निम्म्यावर. शांत खाते, शांत बसते, खाल्लेलं दुधात उतरवते. हिची पैदास वाढवू. पाऊस दगा देईल तेव्हा ह्याच गाई टिकतील."

हेच त्यांनी ह्याच मांडवात, तुमच्यापुढं सांगितलं. आठवतंय का? चेअरमन साहेब, तुमीच म्हणालतात, "मॅडम, आमी गाईचं दूध इकतो, भूक न्हाई इकत." सगळा मांडव हसला. मागून कुणीतरी वरडलं, "गॅरेजवाल्याची लेक, गाईचं बी ॲव्हरेज काढायली!"

मॅडम चिडल्या न्हाईत. म्हणाल्या, "हो, ॲव्हरेजच काढते. गाडी घेताना तुम्ही विचारता ना?"

पुढं त्यांचे वडील आजारी पडले. त्या त्यांना घेऊन संभाजीनगरला गेलत्या. तेवढ्यात इथं प्रदर्शनाची तयारी लागली. पाहुणे येणार, गोठा भरदार दिसला पाहिजे. चिमणी, तिच्या दोन्ही लेकी, मॅडमनी निवडलेल्या सगळ्या बारक्या गाई टेम्पोत घातल्या अन् बाजारात नेऊन इकल्या. मी टेम्पोपुढं उभी राहिले. म्हणलं, साहेब, मॅडमला एक फोन तरी करा. तर म्हणले, "तू वैरण टाक. गप."

मॅडम आल्या. रिकामे खुंटे बघितले. एरवी पुस्तकासारखं बोलणारी बाई, एकच शब्द बोलली. "कावून?"

का इकल्या, हे कुणी सांगितलं का? तुमी बोललात? तुमी? मॅडमनी काटा फडक्यानं पुसला, स्कूटीला बांधला अन् गेल्या.

पुढच्या साली पाऊस आला न्हाई. अर्ध्या गव्हाणीवर राणी अन् तिच्यासारख्या दांडग्या गाई आटल्या. भुकेनं एकमेकींना ढुसण्या द्यायला लागल्या. एक गाभण गाय त्या रेटारेटीत पडली, पाय मोडला, ती उठलीच न्हाई. मग मॅडमला फोन केलात. तवा बरा नंबर सापडला!

अन् मॅडम आल्या. आल्याबरोबर बांबू मागितले. गव्हाणीत आडवे बांधून एकेकीचा घास येगळा केला. भित्र्या गाई एका अंगाला घेतल्या. तवा त्या पोटभर खायला लागल्या. उरलेला गोठा त्या बाईनं वाचवला. "मी सांगितलं होतं," असं एकदा बी म्हणाल्या न्हाईत. अन् "मॅडम, तुमचं बरोबर होतं," असं आपल्यातला एक माणूस बी म्हणाला न्हाई. एवढ्या शब्दाला काय वैरण लागत होती?

आता साहेब म्हणले, गोठ्याला मॅडमचं नाव देऊ. द्या. पण गोठ्यात जाऊन बघा मंडळी. परत तसल्याच दांडग्या गाई आणून बांधल्यात. नाव मॅडमचं, गाई तुमच्या मनाच्या.

मी दवाखान्यात गेलते. मॅडमचे डोळे हळदीसारखे झालते. माझा हात धरला अन् म्हणाल्या, "संगीता, हे लोक माझी सभा घेतील. खूप कौतुक करतील. तू जाऊ नकोस, तुला त्रास होईल."

मॅडम, मी तुमचं ऐकलं न्हाई. आले. मी आले नसते तर इथं आज नुसतं कौतुकच झालं असतं.

आता उभं राहा. त्या बोलत होत्या तवा आपल्यातलं कुणी गप बसलं न्हाई. आता त्यांना काही बोलायचं न्हाई. आता तरी दोन मिनिटं गप राहा.

मॅडम, खुदा हाफिज.