आडबांधाच्या आत राहिलेली होडी

(मार्चचा शेवटचा दिवस, सकाळ. जर्मनीतल्या पूर्व फ्रीसलंडचा समुद्रकिनारा. खाडीला पूर्ण ओहोटी आहे; काठावर तिघे उभे आहेत: होडीची मालकीण गेशे, बांधाचं काम पाहणारा फोल्कर्ट आणि खाजणातल्या पक्ष्यांची राखण करणारी तरुण इम्के.)

गेशे : मी एवढंच विचारते आहे, फोल्कर्ट. तुमचा आडबांध इथे, समुद्र तिकडे. मग माझी होडी या बाजूला काय करते आहे?

फोल्कर्ट : सध्या ती चिखलावर टेकली आहे.

गेशे : ते दिसतंय मला.

फोल्कर्ट : कामाचा क्रम समजून घेतलास, तर त्यात एक तर्क आहे. फांद्यांच्या मोळ्या आम्ही भरतीच्या वेळी तुझ्या होडीतून आत आणल्या. पाणी ओसरल्यावर दोन्ही काठांकडून खुंट ठोकत, मोळ्या दाबत मध्याकडे सरकलो. मधली फट काल संध्याकाळी बुजली. अशा कामात शेवटचा खुंट मध्यावरच पडायला हवा.

गेशे : आणि तो पडला तेव्हा होडी कुठे होती?

फोल्कर्ट : त्या वळणामागे.

इम्के : आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या, गेशेमावशी. सगळे स्वयंसेवक चिखलाने माखलेले, थंडीने काकडलेले, पण खूश. बेकरीवाल्या हार्मने तर भाषण केलं.

गेशे : भाषणात होडी आली का कुठे?

इम्के : तिचे आभार मानले होते.

गेशे : वा. आत कोंडलेल्या होडीचे आभार. आणि तुम्हा एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही, की घरी जाताना आपण चालत का जातोय?

फोल्कर्ट : आम्ही सगळे बांधकामाकडे बघत होतो. तू दुपारी घरी गेली नसतीस, तर बहुधा तुझ्या लक्षात आलं असतं.

गेशे : म्हणजे चूक माझीच.

फोल्कर्ट : असं मी म्हटलेलं नाही.

गेशे : बरं, आज उधाण आहे ना? पाणी चढलं की होडी काढू वरून.

फोल्कर्ट : त्याचा हिशेब मी पहाटेच केला. उधाणात बांधाच्या माथ्यावर वीतभर पाणी येईल. तुझ्या होडीला गुडघाभर लागतं. इंजिन उतरवलं, तरी लोखंडी तळ मोळ्यांत अडकेल आणि मग होडीही जाईल, बांधही.

गेशे : मग ट्रॅक्टर आणा.

इम्के : या चिखलात ट्रॅक्टर आणला, तर ऑगस्टमध्ये तोही उकरून काढावा लागेल.

गेशे : ऑगस्टमध्ये का?

इम्के : उद्यापासून खाजण बंद, मावशी. टिवळे पक्षी अंडी घालायला येतात. जुलै संपेपर्यंत इथे कोणीही पाय ठेवायचा नाही, मीसुद्धा नाही. जे करायचं ते आज.

गेशे : सोपं आहे मग. मधले चार खुंट उपटा. भरतीला मी होडी बाहेर काढते, तुम्ही पुन्हा ठोका.

इम्के : भरती ओसरेपर्यंत अंधार पडेल. आणि अंधार पडला की उद्याच उजाडतो.

गेशे : मग चार महिने एक फट राहिली, तर आभाळ कोसळणार आहे का?

फोल्कर्ट : गेल्या वर्षी एवढीच फट राहिली होती. सगळी ओहोटी त्या एका जागेतून धावली आणि उन्हाळ्यात हिवाळ्याचा गाळ धुऊन घेऊन गेली. गाळ बसला नाही, तर गवत धरत नाही. गवत नाही, तर खाजण नाही. या वर्षी पुन्हा तसंच झालं, तर हे लोक पुढच्या हिवाळ्यात येतील असं मला वाटत नाही.

इम्के : हार्म येईल.

फोल्कर्ट : हार्म भाषणाला येईल.

गेशे : आणि माझ्या रविवारांचं काय? आन्चे तिकडे आखाताच्या पलीकडच्या काठावर एकटी बसलेली असते. कंबर मोडल्यापासून तिला दारातून बाहेर पडता येत नाही. रविवारी तिकडे बस नाही, मला गाडी येत नाही. बहिणीला भेटायला माझ्याकडे एवढी एकच वाट आहे, आणि ती तू खुंट ठोकून बंद केलीस.

फोल्कर्ट : ...बरोबर आहे. इम्के, पहार दे.

इम्के : फोल्कर्टकाका, थांबा जरा.

फोल्कर्ट : यात थांबण्यासारखं काही नाही. जन्मभर मी पाणी बाहेर ठेवणारे बांध बांधले. गाळासाठी पाण्याला आत बोलावणारा हा एकच, आणि तो माणसांना कोंडतो आहे. दे पहार.

गेशे : आधी मला होडीपर्यंत जाऊन येऊ दे. हातमोजे राहिलेत तिच्यात.

इम्के : सांभाळून, मावशी. तिथे पाय रुततो.

गेशे : मला नको शिकवूस. माझे पाय या चिखलात तुझ्या जन्माआधीपासून रुतताहेत.

इम्के : काका, खरंच काढणार तुम्ही?

फोल्कर्ट : आन्चे गावाच्या सभेत मला काय म्हणाली होती, आठवतं?

इम्के : बेडकांचा मुकादम.

फोल्कर्ट : तरीही तिची बहीण तिला भेटली पाहिजे.

गेशे : (होडीपासून ओरडून) अरे, होडीचा नांगर काल टाकला तेव्हा कोरडा होता की नव्हता?

फोल्कर्ट : उघड्या वाळूवर होता. का?

गेशे : आता त्याच्यावर गाळाची साय धरलीय. मऊ, लोण्यासारखी. एका रात्रीत.

फोल्कर्ट : एका भरतीत. पाणी जिथे थबकतं, तिथे हातातलं खाली ठेवतं.

गेशे : लहानपणी इथे असाच चिखल होता. आन्चे आणि मी त्यात शिंपले शोधायचो. पहार ठेव खाली.

फोल्कर्ट : मला दया नको आहे, गेशे.

गेशे : दया कोण करतंय? होडी ऑगस्टपर्यंत टिवळ्यांना दिली. पण दर रविवारी दोन वाजता तू गाडी घेऊन माझ्या दारात.

फोल्कर्ट : मान्य. तुला फाटकापाशी सोडीन आणि पाचला घ्यायला येईन.

गेशे : फाटकापाशी नाही. आत यायचं, बसायचं, पत्ते खेळायचे. तिघं असलो की डाव रंगतो.

इम्के : काका, चेहरा असा काय झाला तुमचा?

फोल्कर्ट : तिच्या मेंढ्यांचं कुरण मी बुडवतो आहे, अशी तिची समजूत आहे. ती मला घरात घेईल?

गेशे : माझ्याबरोबर आलास तर घेईल. चहा देईल. तिच्याकडे कप रिकामा झाला की ती विचारत नाही, ओततेच. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, तेव्हाच थांबते.

फोल्कर्ट : आणि लवकर ठेवला तर?

गेशे : तर समजेल, तुला जायची घाई आहे. मग खाजणाबद्दल तुझं एक अक्षर ऐकून घेणार नाही.

फोल्कर्ट : मग चमच्याला मी हातच लावणार नाही.