दोन ब्लाउजांची गोष्ट

हसा खुशाल, पण मागच्या महिन्यात मी चक्क टेलर झाले होते!

कुवेंपुनगरातल्या समुपदेशक मॅडमकडे मी रिसेप्शनला आहे, माहितीये ना? आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुमचा फोन घरच्या कुणी उचलला, तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? एका सुनेने लिहिलं, ‘टेलर’.

मॅडमनी तिची वेळ बदलली म्हणून मी फोन केला, तर उचलला सासूबाईंनी!

मी ठसक्यात म्हणाले, “टेलर बोलतेय. सुनेला गुरुवारऐवजी शुक्रवारी पाठवा.”

“अय्यो, बरं झालं! माझेही दोन ब्लाउज शिवायचेत. दुकान कुठंय? आत्ताच येते!”

आल्या असत्या तर दारावरची पाटीच वाचली असती!

“नको नको काकू, कापड आणि मापाचा ब्लाउज सुनेकडेच द्या.”

शुक्रवारी ती बिचारी खरंच पिशवी घेऊन आली! मी स्कूटर काढली, हिनकलच्या माझ्या टेलरला गळ घातली आणि आठवड्यात ब्लाउज शिवून घेऊन तिच्या हातात दिले.

पुढच्या वेळी फोन केला, तर पुन्हा सासूबाईच!

मी भीतभीत विचारलं, “ब्लाउज बसले का, काकू?”

“काखेत घट्ट झालेत.”

मी पेन उचलून ‘काख सैल’ असं लिहून घेतलं.

“पण आमची सून तुमच्याकडून आली की दोन घास जास्त जेवते. तिला दर आठवड्याला बोलवत जा. कापड मी पाठवते.”