राखी बगळा

इंदापूरच्या फोटो स्टुडिओत मनिषा पासपोर्ट फोटोची वाट बघत बसली होती. बाकड्यावर शेजारी पळसदेवच्या म्हाताऱ्या सारजाबाई आणि त्यांच्या पलीकडं गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक साहेब. साहेबांचे फोटो नुकतेच धुऊन आले होते, आणि आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

“बघा आजी, तुमच्या पळसदेवचाच राखी बगळा! तीन तास चिखलात बसलो, तेव्हा मिळाला.”

“ग्वाड हाय. पर बसलाय कशावर?”

“दगड आहे कसला तरी. धरणाचं पाणी ओसरलं, तसा वर आलाय. चोच बघा की!”

“दगडाला लोखंडाची कडी हाय का वो?”

“कडी? हो, आहे. अर्धी तुटलेली.”

“आमच्या ढवळ्या बैलानं हिसडा दिल्ता. धरण व्हायच्या आदी आमचं घर हुतं तितं. त्याचं जोतं हाय ह्ये.”

“असं होय! पंख मात्र झकास आलेत, नाही?”

“व्हय. मागं भिंत हाय का उभी?”

“मागचं मुद्दाम पुसट ठेवलंय, आजी. त्याशिवाय पक्षी उठून दिसत नाही.”

“आनि दुसरा फोटू?”

“काढणारच होतो. पण तेवढ्यात बगळा उडाला.”

“मग उडाल्यावर एक काढायचा हुता की, साहेब.”