विदेशात जाणारा पू

आरमोरीच्या दवाखान्यात जखमेचा नमुना द्यायच्या रांगेत बसलो होतो. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. तपासणीवाल्या मॅडमनी एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडली आणि त्याच्या बायकोवर ओरडल्या.

"सुगंधाबाई, हे पिवळं काय लावलं?"

"काईच नाई, मॅडम. तुमीच सांगतलं ना, आठ दिवस दवाई बंद."

"मग हे काय आहे?"

"थे कॅप्सूल फोडून पावडर टाकली."

"अवो, कॅप्सूल म्हणजे दवाईच ना!"

"दवाई पोटात घेतेत. यायनं तं गिळलीच नाई."

"कप्पाळ माझं! तीन महिने झाले, एकही दवाई या जखमेला लागू पडत नाही. कोणती पडेल ते आपली नवी मशीन पाहणार, विदेशातली लॅबही पाहणार. आता या पावडरीत काय दिसणार त्यांना? पाय कापायची पाळी आणता का?"

"विदेशात जाते म्हनूनच तं टाकली. असा वास मारनारा पाय पाठवाचा का? थे लोक म्हनतीन, याची बायको काई करतच नाई."

"पाय नाही जात हो, नुसता पू जातो!"

"पण डब्बीवर नाव तं यायचंच रायते ना?"

"पुढच्या सोमवारी या. आणि उरलेल्या कॅप्सूल द्या इकडे."

"नाई उरल्या."

"सगळ्या टाकल्या याच्यावर?"

"नाई जी. भाईर रांगेत बसले ना, त्यायचेबी नमुने तिकडंच जाऊन राह्यले. सगळ्यायले एकेक देली."