खुणेची झाडं

— नाही, तिथे नाही ठोकायची. खांबावर नाही, भिंतीवरही नाही. ताई, एकदा सांगितलं ना, पाटी लावायची नाही म्हणून? तुमच्या मासिकात आमच्या बागेचा पहिला नंबर आला, आनंद आहे, छापा, मोठ्या अक्षरात छापा — पण माझ्या बागेत खिळा ठोकायचा नाही. वरून परवानगी आणलीय? आणली असेल. वरच्यांना विचारा, बागेत शेवटचं पाऊल कधी ठेवलं होतं. मी इथला मुख्य माळी, एकतीस वर्षं झाली, पुढच्या महिन्यात सुटतो, आणि सुटेपर्यंत इथे काय कुठे लावायचं ते मी ठरवतो. मी गेल्यावर लावा, हवी तर दिव्यांची माळ सोडा तिच्यावर. बघायला मी नसणार. आणि तो कॅमेऱ्याचा पट्टा त्या रोपावरून काढा आधी. कळी मोडली असती आत्ता. मोडली नाही हो, पण मोडली असती ना!

वाचा बरं, काय लिहिलंय ते. "उपनगरातल्या सर्वोत्तम पाच बागा." पाच! सर्वोत्तम एक असते, पाच कुठून आणल्यात? बरं, पाचवी कोणती — स्टेशनसमोरची? तिला बाग म्हणता तुम्ही? चार कुंड्या आणि एक बाकडं, त्या बाकड्यावरही कुणीतरी झोपलेलं. तिथला माळी गुणी आहे हो, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौथी तळ्याची. तळं आहे का ते? खाली निळी फरशी टाकलीय म्हणून पाणी निळं. तुम्ही गेलात तेव्हा कारंजं चालू होतं? असणारच. तुम्ही फाटकातून बाहेर पडलात की बटण बंद. बदकं किती मोजलीत? सहा? त्यातली दोन प्लॅस्टिकची आहेत. — हसू नका, जाऊन बघा, दोन कधी मान वळवत नाहीत. तिसरी ती रबरी वाटेची. लोक कानात बोंडं घालतात आणि गोल गोल पळतात. घाण्याचा बैल बरा, त्याच्या फिरण्यातून तेल तरी निघतं. आणि दुसरी कुत्र्यांची — "प्राणीप्रेमींसाठी नंदनवन" — हो तर! चपला हातात घेऊन चालायचं नंदनवन.

आता आमचं वाचा. वाचा, वाचा, लाजू नका. "शहरात दुर्मिळ असा मोकळेपणा. अखंड हिरवळ, भरपूर ऊन, वर नजर पोचेल तिथवर आकाश." शाबास. आकाशाला नंबर दिलात तुम्ही! आकाश काय, माझ्या बायकोला भांडी घासतानाही दिसतं मोरीच्या खिडकीतून, तिला द्या पहिला नंबर. तुम्ही किती वाजता आला होतात पाहणीला? सकाळी साडेसातला. मग बरोबर आहे. साडेसातला स्मशानसुद्धा प्रसन्न दिसतं. आज आलात ना दोन वाजता? बसा की मग त्या बाकावर. बसा, बसा — का, काय झालं, उठलात का? चटका बसला? लोखंडी आहे ते. भरपूर ऊन आहे ना आमच्याकडे, तुम्हीच लिहिलंय. दहा ते चार इथे चिटपाखरू नसतं. पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक कंपू होता, बायका भाज्या निवडायला पिशव्या घेऊन यायच्या, शेजारच्या छापखान्यातली माणसं डबे घेऊन यायची. कुणी राहिलं नाही. हिरवळ, हिरवळ म्हणजे काय हो? पाणी पिणारं गवत. त्याच्यावर बसायचं तर डोक्यावर काही लागतं की नाही?

काय? आधी काही होतं का इथे?

होतं. झाडं होती. त्या पायवाटेच्या अलीकडे पलीकडे, पंधरा. शिरीष जास्त, तीन-चार सुरूची. शिरीषाची सावली माहीत आहे तुम्हाला? दाट नसते, चाळणीतून पीठ पडावं तशी पडते, खाली गवतही जगतं आणि माणूसही. तुमच्या दोन हातांत मावलं नसतं एकेक खोड. — गेली. नऊ वर्षं झाली. वादळ झालं होतं मोठं, दुसऱ्या एका बागेत फांदी कोसळून एक बाई जायबंदी झाली, मग उद्यान खात्याचं ऑफिस खडबडून जागं झालं. सगळ्या बागांना पत्र, धोकादायक झाडं काढायची. आमच्या पंधरातली चार पोकळ होती. ठोकलं की डब्यासारखी वाजायची. बाकी अकरा ठणठणीत. ठेकेदाराची माणसं आली, आणि ती अकरा कापून गेली. — हो, अकरा. चांगली अकरा कापली आणि पोकळ चार ठेवली. मग साहेब आले, डोक्याला हात लावला, आणि म्हणाले ही चार तर मुळातच धोकादायक, ही पण काढा. अशी ही तुमची नजर पोचेल तिथवर आकाशाची गोष्ट आहे.

चूक कुणाची? ठेकेदाराची नाही. त्याच्या मुकादमाला मी धरलं होतं कॉलरला, पण त्याने कागद दाखवला — "खूण केलेली झाडं काढावीत." खुणा अकरा झाडांवर होत्या, त्याने अकरा काढली. तो बिचारा हुकुमाचा ताबेदार. चूक — चूक माझ्या धाकट्या भावाची. तो पण इथेच होता कामाला, माझ्या हाताखाली. खुणा त्याने चुकीच्या केल्या. ऑफिसात नोंद आहे तशी, चौकशी झाली होती रीतसर. लिहायचं तर तसं लिहा. किंवा काहीच लिहू नका, तुमच्या वाचणाऱ्यांना काय करायचंय, त्यांना आकाश पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं बागेत काढलेला माणूस अशी चूक करेलच कशी? — नाही म्हणालात? मग चेहरा तसा का केलात? करतो, ताई. बागेतलाच माणूस करतो, दुसरा कुणी करणार नाही. तुम्हाला विरळणी म्हणजे काय माहीत आहे? वाफ्यात रोपं दाट उगवली की सगळी ठेवता येत नाहीत, एकमेकांचं खातात. मग त्यातली निवडायची, सरळ दांड्याची, तजेलदार, त्यांना दोरा बांधायचा. आणि बिनदोऱ्याची उपटून टाकायची. मला आमच्या मोठ्या माळ्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे — हातात लाल दोऱ्याचं रीळ दिलं आणि म्हणाले, खूण राखायच्याला करतात रे, मारायच्याला नाही. मारायच्याकडे बघायचंसुद्धा नाही, हात कचरतो. बावीस वर्षं हेच केलं मी. आणि पत्रात काय होतं? "पाहणी करून झाडांवर खुणा कराव्यात." एवढंच! कसली खूण, कशासाठी, काही नाही. ठेकेदाराच्या धंद्यात खूण म्हणजे कुऱ्हाड, आमच्या धंद्यात खूण म्हणजे जीवदान. मी लाल रंगाचा डबा घेतला आणि एकेका झाडाशी उभा राहिलो, खोडावर थाप मारली, कान लावला, आणि जे ठणठणीत त्याला छातीच्या उंचीवर हा एवढा पट्टा —

"मी" म्हणालो? "आम्ही" म्हणालो असेन. आम्ही. दोघं होतो.

असं बघू नका माझ्याकडे. डबा त्याच्या हातात होता. बरं, डबा त्याच्या हातात होता, कुंचला माझ्या. झालं समाधान? आणि तो विचारत होता — तिसऱ्या का चौथ्या झाडाशी विचारलं त्याने, दादा, एकदा फोन करून विचारूया का ऑफिसला, रस्त्यावरची झाडं कापतात तेव्हा खूण कापायच्या झाडाला असते, मी बघितलंय. हळूच विचारलं. तो सगळं हळूच विचारतो. आणि मी चारचौघांत, ते पत्तेवाले म्हातारे बसले होते समोर, मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, काल आलेला तू मला शिकवणार? मी हातात कुंचला धरला तेव्हा तुझ्या नाकाला शेंबूड होता. म्हातारे हसले. तो पण हसला जरासा. मग डबा धरून गप माझ्या मागोमाग अकरा झाडं फिरला.

मी इथे असतो तर थांबवलं असतं हो. पहिल्या झाडाला करवत लागली असती तर आडवा पडलो असतो. पण त्याच दिवशी माझ्या मुलीला दवाखान्यात नेलेलं, पहिलं बाळंतपण, अडलेली, दोन दिवस आम्ही नवरा-बायको तिथेच. धाकटा होता इथे. तो धावला होता त्यांच्या अंगावर, पण त्याला कोण विचारतो, मुख्य माळी मी, कागदावर सही माझी. फोन? दवाखान्यात फोन लावला त्याने, चार वेळा लावला. मी उचलला नाही. मला वाटलं, पाण्याच्या पाइपाचं काहीतरी विचारत असेल, याला एक काम धड जमत नाही. — तिसऱ्या दिवशी नात झाल्याच्या आनंदात मी बर्फी घेऊन आलो बागेत, आणि फाटकातच उभा राहिलो. इतका उजेड मी या बागेत कधी बघितला नव्हता.

मग चौकशी. साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं. साहेबांनी विचारलं, खुणा कुणी केल्या? आणि ताई, खरं सांगतो, मी ठरवून नाही बोललो. घरी बाळंतीण, राहायला बागेतलीच दोन खोल्यांची जागा, ती मुख्य माळ्याची, पद गेलं की जागा गेली — हे सगळं मी नंतर जुळवलं, स्वतःला सांगायला. तेव्हा नुसतं तोंडातून निघालं, "याने." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि साहेबांना म्हणाला, हो, मी. माझी चूक झाली. एवढंच. मला वाटलं होतं तो भांडेल! भांडला असता तर मी पण चार शब्द वर बोललो असतो, मिटलं असतं काहीतरी. हा गपच. असल्या गप माणसाचा राग येतो मला. — येतो, त्याला मी काय करू?

त्याला रस्त्यावर टाकलं. म्हणजे कामावर ठेवलं, पण मोठ्या रस्त्याच्या मध्ये दुभाजक असतो ना, त्याच्यावरच्या रोपांना पाणी घालायला. दोन्हीकडून गाड्या, मध्ये हातभर माती, पानांवर काळी पुटं. नऊ वर्षं. खोकतो म्हणे आता. बायको माझी भेटते त्याला, मला सांगत नाही, मला कळतं. मी त्या रस्त्याने जात नाही, मागच्या गल्लीतून वळसा घेतो, वीस मिनिटं जास्त लागतात. सुटायच्या आधी ऑफिसात जाऊन सांगावं असं मनात होतं माझ्या. दर वर्षी असतं. आता महिना उरला, तर तुम्ही आलात पहिला नंबर घेऊन, "या मोकळ्या बागेचे शिल्पकार" म्हणून माझं नाव घालून! कुणी सांगितलं हो तुम्हाला माझं नाव? ऑफिसने? ऑफिसला माझं नाव पगारापुरतं माहीत.

कुणी?

कुठल्या रस्त्यावर?

— टँकरपाशी उभा होता. बरं. तुम्ही विचारलंत, तुझ्या मते या भागातली चांगली बाग कोणती, तर त्याने — इथलं नाव सांगितलं? तो इकडे नऊ वर्षांत फिरकला नाही, त्याला काय माहीत. — काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांगा. तुमच्या शब्दांत नको, ते आकाश-बिकाश नको, त्याच्या शब्दांत सांगा.

"माझ्या चुकीने झाडं गेली, पण माझ्या दादाने हरळी लावून बाग परत उभी केली. दादासारखा हात कुणाला नाही."

अजून? अजून तेच सांगतो? परक्या बाईला, रस्त्यात, कुणी विचारलेलं नसताना? साहेब नाहीत समोर, मी नाही समोर, कुणाची भीती नाही, आता तर खरं सांगायला काय हरकत होती त्याला? का नाही सांगत? मूर्ख आहे. मूर्खच आहे तो, लहानपणापासून. मी म्हणेन तेच खरं, मी म्हटलं नदी उलटी वाहते तर हा मान हलवणार. कुणी सांगितलं होतं त्याला एवढं — खोकत होता का? तुमच्याशी बोलताना? — जास्त?

पाणी नको मला. काही होत नाहीये, ऊन आहे डोळ्यांवर.

तुम्ही काय करताय ते? हे सगळं उतरवलंत? केव्हापासून? त्या विरळणीपासून? फाडा ते. फाडा म्हणतो ना! माझी बाग, माझा भाऊ, तुम्ही कोण लिहून घेणाऱ्या? पेन्शन आहे माझी, जागा आहे, नात शाळेत सांगत असते आजोबांची बाग म्हणून — द्या ती वही इकडे. द्या.

...

नको. धरा. नका फाडू.

त्याचं नाव नीट लिहा, आणि तो म्हणाला ते खोटं आहे एवढं लिहा. पण इथे नको. माझ्यासमोर नका लिहू. निघा तुम्ही. निघा म्हणतोय ना, ताई.